छत्तीस गुण आणि चार ड्रायर

माझी पत्रिका जुळवायला काका बसले, तेव्हा मी गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पडवीत पाट, पाटावर पंचांग आणि काकांच्या हातात पेन्सिल. वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. बेरीज ३६. अठराच्या वर गेलं की बोलणी पुढे सरकवायची. पत्रिकेवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण मांडणी बघून मी थबकले होते. आठ निकष, प्रत्येकाचं वेगळं वजन, शेवटी एक बेरीज, आणि त्यावर एक अट: दोघांची नाडी एक आली तर उरलेले २८ च्या २८ मिळाले तरी नको.

पुढे बरीच वर्षं गेल्यावर डिचोलीच्या काजू कारखान्यात ड्रायर घ्यायची वेळ आली, तेव्हा मी नेमका तोच सांगाडा वापरला. फक्त पंचांग नव्हतं. इंजिनिअरिंगच्या आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. पंप, पुरवठादार, कारखान्याची जागा, सॉफ्टवेअर, काहीही निवडताना चालते. मी ड्रायरवरच सांगते, कारण ते आकडे माझ्या बोटांवर आहेत.

आधी ड्रायर म्हणजे काय ते. काजूची बी वाफवून कटिंग झालं की आतला गर पापुद्र्यासकट बाहेर येतो. तो पापुद्रा सुटा व्हायला गर साधारण ६० ते ७० अंशांवर काही तास सुकवावा लागतो. कमी सुकला तर पापुद्रा सुरीनं खरवडावा लागतो. जास्त सुकला तर गर ठिसूळ होतो आणि सोलणीच्या टेबलावर पाकळी नाहीतर तुकडा होऊन पडतो. अख्खा डब्ल्यू ३२० (अख्ख्या गराची एक प्रत) आणि त्याचाच तुकडा यांच्या भावात आमच्याकडे त्या वेळी किलोमागे १५० रुपयांचं अंतर होतं. रोजचा गर ३०० किलो, वर्षाचे कामाचे दिवस २५०. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कारखान्याचे मालक म्हणजे आमचे भाई. सोलणीवरच्या बायका त्यांना पात्रांव म्हणतात. आमच्याकडे बोलणं कोकणीत, हिशेबाची वही मराठीत आणि कोटेशन इंग्रजीत. भाईंच्या टेबलावर पाच कोटेशनं होती आणि प्रत्येक जण वेगळ्याची बाजू घेत होता. अकाउंटवाल्याला स्वस्त हवं, मेंटेनन्सवाल्याला ओळखीच्या माणसाचं, मला विजेचं. सोलणीवरच्या बायकांना कोणी विचारलंच नव्हतं. अशा बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा ड्रायर येतो.

पहिलं काम: गुण मोजायच्या आधी चाळणी लावा. काही गोष्टी कमी-जास्त नसतात, असतात किंवा नसतात. शेडमधल्या मोकळ्या जागेत बसतो का? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत तो बसेल का? गराला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा आहे का? यांना गुण द्यायचे नाहीत. नापास झाला तो बाहेर. लोक अशा अटींनाही १० पैकी गुण देतात आणि मग जागेत न मावणारं यंत्र स्वस्त म्हणून पहिलं येतं.

दुसरी चाळणी त्याहून सोपी. एखादा पर्याय दुसऱ्या एकाच्या तुलनेत कशातच पुढे नसेल आणि निदान एका बाबतीत मागे असेल, तर त्याला तिथेच काढा. आमच्याकडे एक वापरलेला गॅस ड्रायर होता: ५ लाख, किलोमागे ५ रुपये खर्च, ६ टक्के तूट (म्हणजे सुकवण्यामुळे तुकडे होणारा गर), दुरुस्तीला माणूस यायला ४ दिवस, बायकांचे ५ पैकी ३ गुण. शेजारी नवा गॅसचाच ड्रायर साडेचार लाखांत, खर्च तेवढाच आणि बाकी सगळ्यात सरस. कुठलीही वजनं लावा, जुना जिंकूच शकत नाही. भाईंना तो ‘सेकंडहँड आहे, म्हणजे स्वस्तच असणार’ म्हणून आवडला होता. नव्याचं कोटेशन शेजारी ठेवल्यावर ते स्वतःच हसले.

उरले चार. आकडे या क्रमानं: किंमत, किलोमागे चालवण्याचा खर्च, सुकवण्यामुळे होणारी तूट, दुरुस्तीची वाट, आणि बायकांनी ५ पैकी दिलेले गुण.

विजेचा ट्रे ड्रायर: ६ लाख, ६ रुपये, ३ टक्के, २ दिवस, ५ गुण.
टरफलं जाळणारी भट्टी: ३ लाख, २ रुपये, ८ टक्के, १ दिवस, १ गुण.
गॅसचा: साडेचार लाख, ५ रुपये, ५ टक्के, ३ दिवस, ४ गुण.
बॉयलरच्या वाफेवरचा: ८ लाख, ३ रुपये, ४ टक्के, ५ दिवस, ४ गुण.

शेवटच्या निकषाबद्दल दोन शब्द. ट्रे भरणं, काढणं, भट्टीचा ताव सोसणं हे ज्यांना करायचं त्यांनाच मी विचारलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ उभं राहून बघा, मग १ गुण का ते कळेल. दोघींना वेगवेगळं विचारायचं, एकत्र नाही. एकत्र विचारलं की मोठी बोलते आणि धाकटी मान हलवते. दोघींच्या उत्तरांत एकाहून जास्त गुणांचा फरक पडला तर त्या दोघी काय बघून बोलताहेत ते समजून घ्या. मला तिथेच कळलं की विजेच्या ड्रायरचे ट्रे हलके आहेत. ते कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं.

निकष निवडताना एक खोड सांभाळा: एकच गोष्ट दोन नावांनी शिरते. भाईंच्या पहिल्या यादीत ‘विजेचं बिल’, ‘जनरेटरचं डिझेल’ आणि ‘चालवण्याचा खर्च’ असे तीन वेगळे निकष होते. तिघांना वजन दिलं असतं तर विजेचा ड्रायर एकाच अपराधासाठी तीनदा फटके खाल्ला असता. पाच ते सात निकष पुरे. त्याहून जास्त झाले की कुठले दोन सख्खे भाऊ आहेत ते शोधा.

आता लाख, रुपये, टक्के आणि दिवस यांची बेरीज होत नाही, म्हणून सगळं ० ते १ वर आणायचं. सर्वांत वाईटाला ०, सर्वांत चांगल्याला १, मधले प्रमाणात. जिथे कमी असणं चांगलं, तिथे वाईटातून त्याचा आकडा वजा करून एकूण अंतरानं भागायचं. किंमतीचं अंतर ८ वजा ३, म्हणजे ५ लाख. गॅसच्या ड्रायरला ८ वजा साडेचार, भागिले ५, म्हणजे ०.७. जिथे जास्त असणं चांगलं, तिथे उलट. स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांचं काम. सगळी भरून झाल्यावर आमचा तक्ता असा दिसला: वीज ०.४, ०, १, ०.७५, १. भट्टी १, १, ०, १, ०. गॅस ०.७, ०.२५, ०.६, ०.५, ०.७५. वाफ ०, ०.७५, ०.८, ०, ०.७५. चिन्ह उलटं पडण्याची चूक सगळ्यांत जास्त होते. म्हणून प्रत्येक रकान्यात १ कोणाला मिळाला ते डोळ्यांनी बघा. सगळ्यांत महागाला १ मिळालेला मी दोनदा पकडलाय. एकदा स्वतःचाच.

इथपर्यंत गणित. खरी भांडणं वजनांवर होतात, आणि चुकाही तिथेच.

भाईंना मी आधी सरळ विचारलं, कशाला किती टक्के? त्यांनी किंमतीला ४०, खर्चाला २०, तुटीला २०, दुरुस्तीला १० आणि कामगारांना १० सांगितले. प्रत्येक आकडा त्याच्या वजनानं गुणून बेरीज मांडली: भट्टी ०.७०, गॅस ०.५७५, वीज ०.५३५, वाफ ०.३८५. भट्टी मैलभर पुढे. भाई खूश, मी गप्प. उत्तर मला आवडलं नव्हतं म्हणून गप्प नव्हते. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

‘किंमत महत्त्वाची आहे का’ याचं उत्तर कुठलाही मालक हो असंच देणार. पण किंमतीत फरक किती आहे? सगळे ड्रायर ५ लाख ते ५ लाख १० हजारांत असते तर त्या निकषाला ४० टक्के देण्यात काय अर्थ होता? वजन हे निकषाच्या नावाला द्यायचं नसतं, त्या निकषातल्या वाईटापासून चांगल्यापर्यंतच्या उडीला द्यायचं असतं. मी हे वाक्य भाईंच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलं होतं.

मग प्रश्न बदलला. ‘भाई, समजा असा एक ड्रायर आहे ज्यात सगळंच वाईट. ८ लाख किंमत, ६ रुपये खर्च, ८ टक्के तूट, दुरुस्तीला ५ दिवस, बायकांचा १ गुण. यातली एकच गोष्ट चांगल्या टोकाला न्यायची तुम्हाला मुभा आहे. कुठली न्याल?’

भाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. तूट ८ वरून ३ टक्के झाली तर रोज ३०० किलोत १५ किलो गर वाचतो. १५० रुपयांप्रमाणे दिवसाला २,२५० रुपये. २५० दिवसांचे ५ लाख ६२ हजार ५००. म्हणजे सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त ड्रायरमधलं पूर्ण अंतर एका वर्षात वसूल. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तूट.’

तुटीच्या उडीला १०० गुण. आता बाकीच्या उड्या तिच्या तुलनेत. चालवण्याच्या खर्चात ४ रुपयांचं अंतर, रोज १,२००, वर्षाला ३ लाख. हिशेबानं ५३ गुण होतात. विजेचे आणि गॅसचे दर खाली येत नाहीत, म्हणून भाईंनी ६० केले. किंमतीतले ५ लाख पाच वर्षांवर पसरले तर वर्षाला १ लाख, म्हणजे १८ गुण. पण ते पैसे एकदम आणि बँकेकडून काढायचे, म्हणून २५. दुरुस्तीच्या चार दिवसांच्या फरकाला २५. कामगारांच्या निकषाला मी ४० मागितले. भाई २० वर अडून बसले होते. आदल्या मे महिन्यात भट्टीवरच्या दोन बायका काम सोडून गेल्या आणि नवीन शिकवायला किती आठवडे गेले, ते मी वहीत दाखवलं. ४० मिळाले.

इथे एखादा चाणाक्ष हिशेबनीस विचारेल, रुपयांतच सगळं येतंय तर गुणांचा खटाटोप कशाला? बरोबर विचारेल. जे रुपयांत प्रामाणिकपणे बसतं ते रुपयांतच बसवावं. पाचही निकष तसे असतील तर ही पद्धत सोडा आणि साधा खर्चाचा ताळेबंद मांडा. बायकांचा त्रास आणि भर पावसात घाटावरून येणाऱ्या मेकॅनिकची वाट, यांना भाव लावायला गेलं की आपण आकडा बनवतो आणि तो खरा आहे असं स्वतःलाच पटवतो. त्या दोन निकषांसाठी हा खटाटोप.

आता बेरीज. एकूण २५० पैकी: वीज १६८.७५, वाफ १५५, गॅस १३५, भट्टी ११०. आकडे तेच, ड्रायर तेच, फक्त वजनं नीट विचारली आणि पहिला होता तो शेवटी गेला.

वजनं पटतात का हे तपासायला गुणांचा ‘भाव’ काढा. आमच्या तक्त्यात किंमतीच्या १ लाखाला ५ गुण, खर्चाच्या १ रुपयाला १५, तुटीच्या १ टक्क्याला २०, दुरुस्तीच्या एका दिवसाला सव्वासहा. म्हणजे १ टक्का तूट वाचवायला आम्ही ४ लाख जास्त द्यायला तयार आहोत असा त्याचा अर्थ. भाईंना मी नेमकं असंच विचारलं. ‘४ दीन, ५ दिवचो ना’ (४ देईन, ५ देणार नाही), म्हणाले. वजनं ठीक होती. हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘वजन ०.४’ हे कोणालाच कळत नाही, ‘टक्क्याला ४ लाख’ हे सगळ्यांना कळतं.

वजनं काढायची दुसरी वाट एएचपी, म्हणजे ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस. थॉमस साटी यांनी ती १९७० च्या दशकात मांडली. दोन-दोन निकष समोर ठेवून विचारायचं, कुठलं किती पटींनी महत्त्वाचं, १ ते ९. तिची खरी खुबी म्हणजे ती माणसाची विसंगती पकडते. भाईंना मी तीन निकषांवर करून दाखवलं. तूट खर्चाच्या दुप्पट. खर्च किंमतीच्या तिप्पट. मग तूट किंमतीच्या किती पट? सहाच्या आसपास यायला हवं. भाई म्हणाले, दोन्ही सारखंच. या उत्तरावर सुसंगतीचा आकडा ०.३२ येतो आणि साटींनी ठरवलेली मर्यादा ०.१० आहे. पुन्हा विचारलं, तेव्हा ५ म्हणाले. आता आकडा ०.००३ आणि वजनं साधारण ५८, ३१, ११. तीन निकषांपुरतं सूत्र सोपं आहे: तिसरं उत्तर भागिले पहिल्या दोघांचा गुणाकार, त्याचं घनमूळ घ्या. ते घनमूळ, त्याचा व्यस्त आणि १ यांची बेरीज करा. त्यातून ३ वजा करून २ नं भागा, मग ०.५८ नं (तीन निकषांसाठीचा ठरलेला आकडा) भागा.

एएचपीची अडचण म्हणजे प्रश्नांची संख्या. ५ निकषांसाठी १० प्रश्न, आणि प्रत्येक निकषावर ४ पर्यायांची जोडी लावायला ६, म्हणजे आणखी ३०. तिसाव्या प्रश्नाला माणूस काहीही सांगतो. मी एएचपी फक्त वजनांसाठी वापरते. तूट ३ टक्के आणि ८ टक्के मोजलेली असताना ‘कुठली किती पट चांगली’ विचारणं म्हणजे मोजपट्टी असून वीत लावणं.

मग टॉप्सिस, पर्यायांचे गुण काढायची आणखी एक पद्धत. ह्वांग आणि यून यांची, १९८१ ची. कल्पना अशी: प्रत्येक निकषातलं सर्वोत्तम घेऊन एक आदर्श ड्रायर कल्पायचा, सर्वांत वाईट घेऊन एक टाकाऊ ड्रायर कल्पायचा, आणि प्रत्येक पर्याय आदर्शापासून किती लांब व टाकाऊपासून किती लांब ते मोजायचं. रकान्यातल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिच्या वर्गमुळानं प्रत्येक आकडा भागा, वजनानं गुणा, मग अंतरं काढा. टाकाऊपासूनचं अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज, हे गुण. त्याच वजनांनी आमचे आले: वाफ ०.६६, वीज ०.६५, गॅस ०.५४, भट्टी ०.४०.

पहिला नंबर बदलला! असं झालं की लोक घाबरतात किंवा मग आपल्याला हवी ती पद्धत ठेवून दुसरी शीट पुसतात. दोन्ही करू नका. का बदलला ते बघा. अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे एखाद्या वजनदार निकषात फार मागे असलेल्याला टॉप्सिस जास्त झोडपते. वीज चालवण्याच्या खर्चात अगदी तळाला होती. वाफ तळाला आहे ती हलक्या वजनाच्या दोन निकषांत. म्हणजे पद्धत आपल्याला एक बातमी देते आहे: वीज आणि वाफ यांच्यात फारसं अंतर नाही, आणि सगळा वाद खर्चाच्या एका रकान्यात आहे. गॅस आणि भट्टी मात्र दोन्हीकडे तिसरी-चौथीच राहिली. ते दोन कागद त्या दिवशीच फाइलला लावले.

व्हिकोर, प्रोमेथी अशी आणखी पद्धतींची नावं तुम्हाला भेटतील. छोट्या कारखान्याला त्यांची गरज पडेल असं मला वाटत नाही. पण फ्रान्सच्या बर्नार रॉय यांच्या इलेक्ट्र पद्धतीतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, आणि ती माझ्या काकांना ठाऊक होती: नकाराधिकार. बेरजेच्या पद्धतीत एका ठिकाणचा खड्डा दुसऱ्या ठिकाणच्या ढिगानं भरतो. काही खड्डे भरू द्यायचे नसतात. ८ टक्के तूट घेऊन भट्टी कितीही स्वस्त असली तरी नको, असं आम्ही नंतर लिहून ठेवलं. नाडी एक, विषय संपला. फक्त अशी रेघ कोटेशनं उघडायच्या आधी आखा, नंतर आखली की ती कोणाला तरी पाडायला आखलेली असते. आमची उशिरा आखली गेली, हे कबूल. भट्टी तोवर शेवटी गेलेलीच होती म्हणून निभावलं.

एका सापळ्याबद्दल सावध करते. एका विक्रेत्यानं मधेच १८ लाखांच्या परदेशी यंत्राचं कोटेशन पाठवलं, ‘नुसतं तुलनेला’. ते कोणीच घेणार नव्हतं. पण ते तक्त्यात टाकलं असतं तर किंमतीचं अंतर ५ लाखांवरून १५ झालं असतं, आठ लाखांचा ड्रायर अचानक ‘बरा’ दिसला असता आणि वीज-वाफ यांच्यातला फरक पावणेचौदा गुणांवरून सातवर आला असता. म्हणून मोजपट्टीची टोकं आपण ठरवायची आणि शीटमध्ये गोठवायची. मिळालेल्या कोटेशनांवर ती सोडायची नाहीत. त्याच कारणासाठी मी एन्ट्रॉपीची वजनं वापरत नाही. त्यात आकड्यांच्या विखुरण्यावरून वजन ठरतं, त्यामुळे सगळे पर्याय सुरक्षिततेत सारखे असले की सुरक्षिततेचं वजन शून्य. संशोधनाच्या निबंधात ते शोभत असेल, डिचोलीत नाही.

आता शीट हलवून बघायची. पहिल्या दोघांत १३.७५ गुणांचं अंतर आणि खर्चाच्या रुपयाला १५ गुण, म्हणजे विजेचा खर्च किलोमागे ९२ पैशांनी वाढला की पहिला नंबर जातो. हे एक वाक्य भाईंसमोर सगळ्या तक्त्यापेक्षा जास्त कामाचं ठरलं. दर बदलतील का, यावर त्यांचं स्वतःचं मत होतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त अनुभवाचं होतं. प्रत्येक निकषासाठी हा उलटायचा आकडा काढा. तो वास्तवात घडण्यासारखा असेल तर निर्णय कच्चा आहे असं समजा.

‘आकडे जाले, पूण घेवपाचो खंयचो?’ (आकडे झाले, पण घ्यायचा कुठला?) भाईंनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा. वाफेचे गुण कुठे जाताहेत ते बघू. किंमत आणि दुरुस्ती, दोन्हीत शून्य. किंमत कमी करून फार तर लाखाचे ५ गुण मिळतील. पण दुरुस्तीची वाट ५ दिवसांवरून २ वर आणली तर पावणेएकोणीस. विक्रेत्याला सांगितलं: सवलत नको, त्याऐवजी स्टीम ट्रॅप, गॅस्केट, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एक पंख्याची मोटर हे सुटे भाग आमच्या स्टोअरमध्ये ठेव, आणि आमच्या फिटरला दोन दिवस शिकव. तो तयार झाला. वाफ १७३.७५, वीज १६८.७५. बॉयलर आमच्याकडे बी वाफवायला होताच, जळण आमच्याच टरफलांचं. वाफेचा घेतला.

पावसाळ्यात तूट मोजली तर ४.६ टक्के. कोटेशनमधले ४ टक्के फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत घेतलेल्या चाचणीचे होते. जुलैत इथली हवा पिळली तर पाणी निघेल अशी असते, गर सुकायला वेळ लागतो, आणि घाई केली की कडेचे ट्रे जास्त सुकतात. मी तो आकडा शीटमध्ये टाकला: वाफ १६१.७५. म्हणजे वीज सात गुणांनी पुढे असती. चाचणी कुठल्या महिन्यात झाली हा रकाना तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात असतो, तुम्हीही ठेवा. विक्रेत्याकडे शक्यतो आपला माल पाठवा आणि आपल्या वाईट महिन्यात पाठवा.

ट्रे कमी भरून, मधल्या वेळी वरचे खाली फिरवून ऑक्टोबरपर्यंत ४.२ वर आणलं. शीट म्हणते वाफ १६९.७५, एका गुणानं पुढे. भाईंना दाखवलं, तर म्हणाले, एका गुणावर लग्नं मोडत नाहीत. स्टीम ट्रॅपचा एक जोड वापरून झालाय, दुसरा माझ्या खणात आहे.